सगळ्या मिरवणुकांत एकच गाणं का वाजतं?

१. आजोबांचा प्रश्न

गणपती विसर्जनाच्या रात्री सोलापुरात नव्या पेठेच्या कोपऱ्यावर तासभर उभं राहिलं की एक तक्रार हमखास कानावर येते. एक मंडळ पुढे सरकतं, मागून दुसरं येतं, मग तिसरं. मूर्ती वेगळी, सजावट वेगळी, टी-शर्टचा रंग वेगळा, गाणं मात्र तेच. शेजारी उभे असलेले आजोबा म्हणतात, "आमच्या वेळी डोळे मिटूनसुद्धा कळायचं, कुठल्या पेठेचा गणपती आला ते." त्यावर कडेवरच्या धाकट्याला सांभाळत नातू म्हणतो, "आजोबा, गाणी वेगळीच आहेत. तुम्हाला ती वेगळी ऐकू येत नाहीत, एवढंच."

या प्रकरणात आपण या भांडणाचा निवाडा करायचा प्रयत्न करणार आहोत. हे भांडण फक्त सोलापूरचं नाही. जपानमध्ये तिथल्या लोकप्रिय संगीताबद्दल हीच कुरकुर कित्येक वर्षं चालू आहे आणि युरोपात तर संशोधकांनी लाखो गाणी संगणकाला ऐकवून उत्तर शोधलंय. पण आधी नातवाची बाजू नीट समजून घेऊ, कारण तिच्यात तथ्य आहे.

ज्या संगीताची आपल्या कानाला सवय नसते ते सगळं सारखंच वाटतं. सोलापूरच्या पूर्व भागातल्या लग्नात तेलुगू गाणी वाजत असतात. तेलुगू न जाणणाऱ्या पाहुण्याला ती एकाच गाण्याची लांबण वाटते, तर घरच्या माणसाला त्यातलं एकेक गाणं वेगळं ओळखू येतं. वय वाढतं तसा नव्या गाण्यांपुढे आपलाही पाहुणाच होतो. दुसरी गोष्ट आठवणीची. साठ वर्षांपूर्वीची आपल्याला आज आठवतात ती गाणी त्या काळातली निवडक गाणी असतात. त्याच वर्षी निघालेली आणि पुढच्या वर्षी विसरली गेलेली शेकडो गाणी आपल्या हिशेबात येतच नाहीत. जुनं सगळं सोनं दिसतं, कारण पितळ केव्हाच मोडीत गेलेलं असतं.

म्हणजे नुसत्या कानावर विसंबून हा निवाडा होणार नाही. मोजावं लागेल. आणि मोजायचं तर गाणं कशाकशाचं बनतं ते आधी पाहावं लागेल.

२. गाण्याचे धागे

सोलापूरकराला चादरीचं उदाहरण सगळ्यात जवळचं. चादरीत ताणा असतो, बाणा असतो, सुताचा रंग असतो, विणीची घट्टी असते आणि वर दिसणारी नक्षी असते. दोन चादरींची नक्षी एकच असून रंग वेगळे असू शकतात, किंवा रंग तेच आणि नक्षी वेगळी. गाण्याचंही तसंच आहे. सुरांचा क्रम म्हणजे चाल. मात्रांचं पुन्हा पुन्हा येणारं चक्र म्हणजे ताल: दादरा सहा मात्रांचा, रूपक सात, केरवा आठ, झपताल दहा. ते चक्र किती वेगाने फिरतं ती लय. शिवाय वाद्यांचा आणि गळ्याचा पोत, ज्यामुळे एकच सूर सनईवर आणि बासरीवर निराळा वाटतो. शेवटी शब्द. या प्रत्येक धाग्याचं वैविध्य वेगवेगळं वाढतं किंवा घटतं. "गाणी सारखी झाली" असं कुणी म्हटलं की पहिला प्रश्न विचारायचा: कुठला धागा सारखा झाला?

पाश्चात्त्य पद्धतीच्या संगीतात आणखी एक धागा असतो, कॉर्डचा. तीन किंवा अधिक सूर एकदम वाजवले की एक कॉर्ड होते. गाणं पुढे जाताना खालच्या कॉर्ड एका क्रमाने बदलत जातात आणि चाल त्यांच्या आधाराने चालते. सोलापूरहून पुण्याला जाणारी एसटी मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण अशी थांबे घेत जाते. थांबे ठरलेले असतात, आतले प्रवासी आणि त्यांच्या गप्पा रोज वेगळ्या. जपानच्या लोकप्रिय गाण्यांत चार कॉर्डचा एक असाच मार्ग इतका रुळला आहे की तिथल्या संगीतकारांनी त्याला नावच दिलंय, 'ओदो शिन्को'. म्हणजे राजमार्गाची चाल. हजारो जपानी गाणी याच राजमार्गाने गेली आहेत. म्हणून ती सगळी एक आहेत का? नाहीत. पण पुन्हा पुन्हा तेच थांबे आले की कानाला पुढचा थांबा आधीच कळतो, आणि 'हे कुठेतरी ऐकलंय' असं वाटतं ते त्यामुळे.

मोजणाऱ्याने इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. भूप आणि देशकार हे दोन राग घ्या. दोघांतही सा, रे, ग, प, ध हेच पाच सूर. नुसते सूर मोजणारं यंत्र म्हणेल, दोन्ही एकच. पण गाणाऱ्याला ठाऊक असतं की भूप गंधाराला धरून राहतो, देशकार धैवताला. एक संध्याकाळी उशिरा गायचा, दुसरा सकाळी. कुठल्या सुरावर थांबायचं आणि कुठला नुसता ओलांडून जायचा, यात सगळा फरक आहे. एका संगीतासाठी बनवलेली पट्टी दुसऱ्याला लावली की माप चुकतं. आपलं संगीत मुळात चालीवर आणि तालावर उभं आहे. त्यातल्या कॉर्ड मोजून ते गरीब ठरवणं म्हणजे ज्वारी लिटरच्या मापाने मोजून तिचं वजन सांगण्यासारखं.

३. मोजायचं कसं?

एक सोपं माप आहे आणि ते घरी बसूनही करता येतं. दहा गाण्यांची यादी घ्यायची, डोळे मिटून त्यातली कुठलीही दोन उचलायची. ती दोन्ही एकाच तालाची निघण्याची शक्यता किती? शक्यता जितकी जास्त तितकं वैविध्य कमी.

समजा मिरवणुकीत वाजवणाऱ्या एका बेंजो पार्टीकडे दहा गाणी आहेत, पाच वेगवेगळ्या तालांतली, प्रत्येक तालाची दोन. दहांतून दोन गाणी निवडण्याचे एकूण प्रकार ४५. त्यांत एकाच तालाच्या जोड्या फक्त ५, म्हणजे शंभरात साधारण अकरा वेळा. आता दुसरी यादी घ्या. तिच्यातही दहाच गाणी, पण सात एकाच ठेक्याची आणि उरलेली तीन प्रत्येकी वेगळ्या. एकाच ठेक्याच्या जोड्या झाल्या २१. भागिले ४५, म्हणजे शंभरात जवळजवळ सत्तेचाळीस वेळा. गंमत अशी की पहिल्या यादीत ताल पाच आणि दुसरीत चार. फरक एकाचाच, पण कानाला दुसरी यादी कितीतरी कंटाळवाणी वाटेल. वैविध्य प्रकारांच्या संख्येवर जेवढं अवलंबून असतं, त्याहून जास्त ते प्रकार किती समान वाटून आलेत यावर असतं. मिरवणुकीत वर्षभरातली शंभर गाणी वाजत असतील, पण त्यांतली तीनच पुन्हा पुन्हा वाजली तर रस्त्यावरच्या माणसाला तीनच ऐकू येतात.

असंच, पण बरंच मोठं मोजमाप २०१२ साली स्पेनमधल्या संशोधकांनी प्रसिद्ध केलं. १९५५ ते २०१० या काळातली साडेचार लाखांहून जास्त ध्वनिमुद्रणं, बहुतेक पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतातली, त्यांनी संगणकाने तपासली. तीन गोष्टी दिसल्या. एका सुरावरून दुसऱ्याकडे जाण्याचे मार्ग हळूहळू ठरावीक होत गेले, वाद्यांचा पोत एकसारखा होत गेला आणि आवाज वाढत गेला. आजोबांचं म्हणणं खरं ठरलं.

तीन वर्षांनी, २०१५ मध्ये, लंडनच्या संशोधकांनी वेगळी वाट धरली. अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादीत १९६० ते २०१० या काळात आलेली सुमारे सतरा हजार गाणी त्यांनी घेतली. त्यांना सतत उतरणारी रेघ दिसली नाही. चढउतार दिसले. १९६४, १९८३ आणि १९९१ या वर्षांच्या आसपास संगीत झपाट्याने बदललं, आणि सगळ्यात मोठा बदल १९९१ चा, रॅप मुख्य प्रवाहात आलं तेव्हाचा. वैविध्य सगळ्यात खाली गेलं होतं १९८६ च्या सुमाराला आणि नंतर ते परत वर आलं. म्हणजे नातवाचंही खरं ठरलं.

दोघांनी वेगळं मोजलं म्हणून उत्तरं वेगळी आली. पण १९८६ हे साल मला फार बोलकं वाटतं. त्याच सुमाराला स्टुडिओत एक नवं यंत्र सगळीकडे पोचलं होतं.

४. चादरीची कार्डं आणि कीबोर्डची बटणं

जेकार्ड मागावर काम पाहिलेल्या माणसाला पुढची गोष्ट लगेच कळेल. मागाच्या डोक्यावर भोकं पाडलेल्या जाड कार्डांची माळ फिरत असते. जिथे भोक आहे तिथला धागा उचलला जातो, जिथे नाही तिथला खाली राहतो. नक्षी काढणाऱ्याने एकदा मेहनत करून कार्डं तयार केली की मग त्याच माळेवर हजार चादरी निघतात, हजारही तंतोतंत सारख्या. सोलापूरच्या चादरीचं नाव देशभर झालं ते या शिस्तीमुळेच. चादरीला ही शिस्त शोभते. गाण्याला किती शोभते, हा खरा प्रश्न.

१९८० नंतरच्या दशकात संगीताला अशीच कार्डं मिळाली. रोलंड, यामाहा, कॅसिओ, कॉर्ग या सगळ्या जपानी कंपन्या. रोलंडचं गाजलेलं तालयंत्र १९८० मध्ये आलं, यामाहाचा डीएक्स-७ हा कीबोर्ड १९८३ मध्ये. पुढे अनेक कीबोर्डमध्ये तालाचे तयार नमुने आतच भरलेले असत. बटण दाबलं की ठेका सुरू, आणि तो थकत नाही, चुकत नाही, बदलतही नाही. तबलजी आणि ढोलकीवाला दर आवर्तनात थोडं काही वेगळं करत असतो, एखादा बोल दाबतो, एखादा उडवतो, गाणाऱ्याकडे पाहून समेवर येतो. त्या बारीक फरकालाच आपण जिवंतपणा म्हणतो. कीबोर्डच्या बटणामागे मात्र कार्डांची एकच माळ आहे, आणि ती बार्शीतल्या वादकाकडे, बंगळूरच्या वादकाकडे आणि टोकियोतल्या वादकाकडे तीच आहे.

याचा अर्थ जपानी वाद्यांनी आपलं नुकसान केलं, असा घेऊ नये. उलट एक उदाहरण आपल्या दारातच आहे. मिरवणुकीतला बेंजो, तारांवर टंकलेखन यंत्रासारखी बटणं असलेलं ते वाद्य, मूळचं जपानी. १९१२ साली नागोया शहरात गोरो मोरिता यांनी 'ताइशोगोतो' नावाचं वाद्य बनवलं. तेच पुढे भारतात येऊन बुलबुलतरंग झालं आणि महाराष्ट्रात बेंजो. पण बेंजो हाताने वाजतो. बटण दाबणारं बोट आणि तार छेडणारा हात दोन्ही माणसाचे, म्हणून प्रत्येक पार्टीचा बेंजो वेगळा बोलतो. आपल्या माणसांनी त्यावर लावण्या वाजवल्या, भीमगीतं वाजवली, सिनेमाची गाणी वाजवली आणि त्याचं जपानीपण कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. वाद्य परकं असणं ही अडचण कधीच नव्हती. वादकाला निवड करायला जागा उरते की नाही, हे महत्त्वाचं.

५. उसनी चाल म्हणजे चोरी नव्हे

इथे एक गैरसमज दूर करून पुढे जाऊ. 'हल्ली सगळे चाली उचलतात' असं म्हटलं जातं. चाली पूर्वीही उचलल्या जात. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलं तेव्हा पदांच्या चाली लोकांच्या ओळखीच्या होत्या: साकी, दिंडी, कीर्तनातल्या चाली, आणि किर्लोस्करांचं मूळ गाव बेळगाव भागातलं असल्याने कानडी चालीही. संगीत नाटकाच्या पुस्तकात पदाच्या डोक्यावर 'अमुक पदाच्या चालीवर' असं उघड छापलेलं असे. आंबेडकरी जलशांनी लोकांच्या ओठांवरच्या चालींत नवे विचार भरले. बार्शीचे शाहीर अमर शेख डफावर थाप मारून जे गात त्यालाही लोकगीतांचाच पाया होता.

चाल उसनी घेतली तरी गळा, वाद्य, लय, ठेका, शब्द हे बाकीचे धागे बदलत होते. सोलापूरचे शाहीर राम जोशी लावणी आणि कीर्तन दोन्हींत वावरले, कारण एका घराचं सूत दुसऱ्या घराच्या मागावर चढवण्यात तेव्हा कुणाला अडचण वाटत नव्हती. असं उसनं घेतल्याने वैविध्य वाढतं.

६. चाळण

आता मुद्द्याशी येतो. गाणी दोन टप्प्यांत आपल्यापर्यंत पोचतात. आधी कुणीतरी ती करतो, मग कुणीतरी त्यांतली काही निवडून आपल्या कानांपर्यंत आणतो. ज्वारी शेतात किती प्रकारची पिकली हे एक, आणि चाळणीतून काय खाली आलं हे दुसरं. 'गाणी सारखी झाली' म्हणताना आपण सगळा दोष शेताला देतो. माझ्या मते बिघाड चाळणीत आहे.

ध्वनिमुद्रिकांच्या काळात चाळण अगदी घट्ट होती. तबकडी काढणं महाग, कंपन्या मोजक्या, त्यांत एचएमव्हीचा दबदबा. कुणाचा आवाज छापायचा ते मुंबईत ठरायचं, आणि ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. मग कॅसेट आली. १९८० च्या दशकात कॅसेट छापणं इतकं स्वस्त झालं की छोट्या कंपन्यांनाही ते परवडू लागलं. मंगळवेढ्याशी नातं सांगणारे प्रल्हाद शिंदे विठ्ठलाची गाणी, भीमगीतं, कव्वाली सगळं गात आणि त्यांचा आवाज कॅसेटमधून वाडीवस्तीवर पोचला. पुढे आनंद आणि मिलिंद शिंदे आले. कॅसेटने चाळण रुंद केली, हे तिचे मोठे उपकार. पण त्याच दशकात कीबोर्डही आला आणि खर्च वाचवायला अनेकांनी वादकांच्या जागी तोच वापरला. चाळणीतून जास्त गळे खाली आले, आणि त्यांच्या मागचा ठेका मात्र एकसारखा होत गेला.

चाळण नेमकी कशी काम करते, हे पाहण्यासाठी एक सुंदर प्रयोग झालाय. मॅथ्यू सालगानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स या तिघांनी तो २००६ मध्ये प्रसिद्ध केला. अनोळखी वादकांची ४८ गाणी त्यांनी संकेतस्थळावर ठेवली आणि चौदा हजारांवर लोकांना ऐकायला बोलावलं. काहींना नुसती गाणी दाखवली. बाकीच्यांना आठ वेगळ्या गटांत वाटलं आणि आपल्या गटात कुठलं गाणं किती जणांनी उतरवून घेतलंय ते आकडेही दाखवले. आकडे दिसताच चढाओढ बदलली. वर असलेलं गाणं आणखी वर गेलं, खालचं आणखी खाली. आणि आठ गटांत वर आलेली गाणी सारखी नव्हती! फार चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत, फार वाईट सहसा पहिली आली नाहीत, पण मधल्यांचं नशीब सुरुवातीच्या काही श्रोत्यांच्या हातात होतं. हुरड्याच्या दिवसांत रस्त्याकडेला दोन झोपड्या असतात. जिच्यासमोर चार गाड्या जास्त उभ्या, तिथेच पाचवी थांबते. दुसऱ्या झोपडीतला हुरडा कमी कोवळा असतो असं मुळीच नाही.

जपानचं उदाहरण तर याहून स्पष्ट आहे. तिथे 'ओरिकॉन' नावाची खपाची यादी १९६८ पासून निघते. १९९६ च्या एप्रिलमध्ये एका आठवड्यात या यादीतली पहिली पाचही गाणी तेत्सुया कोमुरो या एकाच संगीतकाराची होती. आणि २०१० च्या वार्षिक यादीतल्या पहिल्या दहा गाण्यांत दोनच गट होते, मुलींचा 'एकेबी ४८' आणि मुलांचा 'अराशी'. जपानमध्ये इतर कुणी गात नव्हतं का? गात होतं, भरपूर. पण 'एकेबी'च्या सीडीसोबत गायिकेशी हस्तांदोलन करण्याचा पास मिळे, किंवा गटातल्या मुलींच्या निवडणुकीतलं मत. चाहते एकच सीडी अनेक वेळा विकत घेत. यादी मोजत होती सीडींचा खप, आणि लोक वाचत होते ती गाण्यांची लोकप्रियता म्हणून. त्याच काळात यामाहाच्या 'व्होकलॉइड' तंत्राने संगणकाकडून गाऊन घेणारी तरुण मंडळी घराघरांत निराळीच गाणी बांधत होती. केन्शी योनेझू तिथूनच पुढे आला आणि आज तो जपानच्या मुख्य प्रवाहातला मोठा गायक आहे. शेत पिकत होतं. माप एकाच पोत्याचं होत होतं.

आता आपल्या रस्त्यावर येऊ. मिरवणुकीतली चाळण म्हणजे डीजे, ज्याला कुणी डॉल्बीही म्हणतात. या चाळणीची छिद्रं कशी आहेत ते नीट पाहायला हवं, कारण आजोबांच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर तिथेच आहे.

पहिलं छिद्र आवाजाच्या भौतिकशास्त्राचं. खालच्या पट्टीतला धप्प आवाज लांब जातो, भिंतीतून पार होतो. वरच्या पट्टीतले बारीक आवाज वाटेतच विरतात. म्हणून घरात बसलेल्याला मिरवणूक आधी छातीत जाणवते आणि शब्द कळतात ते दारात आल्यावर. त्यात आवाज डेसिबलमध्ये मोजतात आणि दर दहा डेसिबलला त्याची शक्ती दहापट होते. निवासी भागासाठी २००० सालच्या नियमांनी दिवसा ५५ आणि रात्री ४५ ही मर्यादा घातली आहे. ती ओलांडून भिंतीएवढे स्पीकर लावले की ढोलकीची गमक, सनईची मींड, गळ्यातली हरकत हे सगळं त्या धपधपीखाली दबतं. मग अशी गाणीच निवडली जातात ज्यांच्यात दबण्यासारखं फारसं काही नसतं.

दुसरं छिद्र धंद्याचं. डीजेवाल्याला चौकात आल्या आल्या गर्दी नाचवायची असते. नवं गाणं लावलं आणि पाय थांबले तर पोरं ओरडतात. म्हणून तो मागच्या चौकात चाललेलं गाणंच लावतो. त्याचं चुकत नाही, त्याच्या जागी कुणीही तेच करील. पण आठ चौकांत आठ माणसांनी हीच सावध निवड केली की गावभर एक गाणं होतं.

तिसरं छिद्र मोबाइलमधलं. रीलला गाण्याचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा पुरतो. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं तरच ते गाणं ऐकलं असं धरतात. मग गाणं हळूहळू उलगडायला वेळच कुठे? अमेरिकेतल्या आघाडीच्या गाण्यांचा अभ्यास सांगतो की १९८० च्या दशकाच्या मध्याला शब्द सुरू होण्याआधीचे सूर सरासरी वीस सेकंदांहून जास्त चालत. २०१५ च्या सुमाराला ते पाच सेकंदांवर आले.

७. सैराटची चार गाणी

२९ एप्रिल २०१६ रोजी 'सैराट' आला. दिग्दर्शक नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातले, चित्रणही बरंचसं त्याच परिसरात, म्हणजे सिनेमा आपल्याच जिल्ह्यातला. अजय-अतुल यांनी त्यासाठी चार गाणी केली. त्यांतल्या सुरावटीसाठी त्यांनी हॉलिवूडमध्ये पूर्ण वाद्यवृंद बसवून ध्वनिमुद्रण केलं. एका गाण्यात व्हायोलिनांच्या लाटा येतात, एक संथ आणि हळवं, एक खेळकर, आणि चौथं 'झिंगाट'. चार गाण्यांत चार स्वभाव. मराठी मातीतली बोली आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांची अशी गाठ फार थोड्या लोकांनी घातली आहे, आणि मला ती मनापासून थोर वाटते.

पुढच्या गणपतीत रस्त्यावर काय वाजलं? झिंगाट. लग्नात झिंगाट, जयंतीला झिंगाट, शाळेच्या स्नेहसंमेलनात झिंगाट. २०१८ मध्ये हिंदी 'धडक' निघाला आणि त्यातही ते आलं. तिसऱ्या भागातलं माप इथे लावून पाहा. संगीतकारांनी दिलेल्या चार गाण्यांतून दोन उचलली तर ती एकाच स्वभावाची निघण्याची शक्यता शून्य. मिरवणुकीतल्या यादीत तीच शक्यता जवळजवळ शंभर टक्के. शेतात चार वाणांची ज्वारी पिकली, चाळणीतून एक वाण खाली आला, आणि दहा वर्षांनी कुणी म्हणतं की अजय-अतुलनंतर सगळी गाणी झिंगाटसारखीच झाली.

८. हलगी आणि दिंडी

चाळण वेगळी असेल तर काय होतं, तेही सोलापूर जिल्ह्यातच ऐकायला मिळतं.

मकर संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज निघतात आणि हलग्यांचा कडकडाट सुरू होतो. वाजवण्याआधी हलगी शेकून घेतात, म्हणजे कातडं ताणून येतं. किती शेकायचं ते वादकाच्या कानावर. थंडी जास्त असेल तर पुन्हा शेकायची. त्यामुळे सकाळची हलगी आणि रात्रीची हलगी एका सुराची राहत नाही. कुस्तीच्या फडात हलगी, घुमकं आणि कैताळ असं त्रिकूट असतं, आणि पैलवान भिडले की नाही, डाव निसटला की बसला, हे पाहत हलगीवाला ठोका बदलतो. लेझीमचंही तेच. वाजवणारा डाव बदलणाऱ्याकडे पाहतो, डाव बदलणारा वाजवणाऱ्याचं ऐकतो. इथे कार्डांची माळ नाही, प्रत्येक ठोका त्या क्षणी निवडला जातो. शिवाय हलगीचा आवाज चौकापलीकडे फार जात नाही, म्हणून पुढच्या चौकात दुसऱ्या वादकाला त्याच्या पद्धतीने वाजवायची मुभा राहते. स्पीकरची भिंत हीच मुभा आधी काढून घेते.

आणि आषाढात पंढरपूरची वाट. तुकोबांची पालखी अकलूजकडून येते, माउलींची माळशिरसकडून, आणि वाखरीला सगळ्या पालख्या एकत्र येतात. माउलींच्या रथापुढे २७ दिंड्या आणि मागे कितीतरी. वरवर पाहिलं तर इथे वैविध्याला वावच नाही. शब्द शतकांपूर्वी ठरलेले. वाद्यं तीच, टाळ, मृदंग आणि वीणा. ठेकाही बहुतेक वेळ भजनी, आठ मात्रांचा. सकाळी कुठले अभंग म्हणायचे आणि संध्याकाळी कुठले, तेही ठरलेलं. आपल्या दहा गाण्यांच्या मापाने वारी पार नापास होईल.

वाखरीच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एखाद्या बाभळीखाली बसा आणि दिंड्या जाऊ द्या. एक दिंडी येते, अभंगाचं पहिलं चरण संथ, खर्जात घेते, आणि टाळ नुसते टेकवल्यासारखे वाजतात. ती पुढे जाते न जाते तोच मागची दिंडी येते. योगायोगाने तिच्याही तोंडी तोच अभंग. पण इथे कुणीतरी म्हातारा विणेकरी वरच्या सुरावर उठतो, मृदंगवाला दुगुन धरतो, पोरं उड्या घेऊन पावली खेळू लागतात, आणि तेच शब्द एकदम सणाचे होतात. तिसरी विदर्भातली असेल तर उच्चार निराळे, चाल निराळी. पहिल्या दिंडीचे टाळ अजून दूरवर ऐकू येत असतात.